सातवे पाऊल मैत्रीचे

आज बलिप्रतिपदा. दिवाळीच्या सणात पाडव्याचा हा दिवस पतिपत्नींचा मानला जातो. पहाटेचे अभ्यंगस्नान झाले, पाटाभोवती रांगोळी रेखली गेली, निरांजनाची वात उजळली की गृहिणी हाती तबक घेऊन पतीसमोर उभी राहते. तो पाटावर बसलेला असतो. ती त्याच्या कपाळी कुंकुमतिलक लावते, ओवाळते. आणि तो तिच्या तबकात आपल्या ऐपतीप्रमाणे ओवाळणी घालतो. क्षणभर त्या एका ज्योतीचा प्रकाश दोन्ही चेहऱ्यांवर सारखाच पडलेला असतो.

औक्षण आटोपते, तबक देवघरात जाते आणि नित्याचा संसार पुन्हा सुरू होतो. त्या संसारात ज्योतीचा प्रकाश दोघांवर सारखा पडतोच असे नाही. भाविक घरांचेच पाहा. पती एखाद्या संप्रदायाचा अनुग्रह घेतो. पत्नीची निष्ठा माहेरच्या कुलदैवतावर असते. ती सोळा सोमवारांचे व्रत करते. त्याला ते कर्मकांड वाटते. तो वारीला निघतो. मागे मुलांच्या शाळेचे आणि म्हाताऱ्या सासूच्या औषधांचे काय, हे तिला विचारण्याचे त्याच्या ध्यानातच येत नाही. देवाच्या नावाने दोघे एकत्र यावेत, तर देवाच्याच नावाने दोघांत भिंत उभी राहते. पैशाअडक्यावरून होणारी भांडणे मिटतात. श्रद्धेवरून पडलेले अंतर मात्र वर्षानुवर्षे तसेच राहते, कारण प्रत्येकाला आपण धर्माच्याच बाजूने उभे आहोत असे वाटत असते.

अशा वेळी सामंजस्य म्हणजे नेमके काय करावे? एकाने दुसऱ्यापुढे मान तुकवावी, की दोघांनी आपापल्या वाटेने जावे? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला एका मराठी संसाराची आठवण होते. तो संसार रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचा. पाडव्याच्या पानावर ख्रिस्ती दांपत्याची कथा कशाला, असे एखादा वाचक म्हणेल. आमचे उत्तर इतकेच की, श्रद्धेवरून पतिपत्नींत पडणारे अंतर किती मोठे असू शकते आणि ते कसे ओलांडता येते, याचे इतके प्रामाणिक उदाहरण मराठीत दुसरे नाही. कोणत्याही धर्माची थोरवी गाण्याचा वा कोणाला उणे लेखण्याचा हेतू येथे नाही. आम्हांला पाहावयाचे आहे ते दोन माणसांचे एकमेकांशी वागणे.

दोन चित्पावन घरे

नारायणराव टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात करजगावी झाला. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या. जन्म १८६८ चा, माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेली जिन्नस धुतल्यावाचून घरात यावयाची नाही. अशा घरात वाढलेल्या मनूचे लग्न १८८० च्या सुमारास, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी झाले. तिने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. अक्षरओळख करून दिली ती पतीनेच.

हा संसार प्रथमपासूनच ओढाताणीचा होता. टिळक प्रतिभावान, कवी, संस्कृतज्ञ. पण मनस्वी आणि शीघ्रकोपी. नोकरी एका ठिकाणी टिकत नसे, पैसा हाती राहत नसे, आणि मनाने घेतले की ते घर सोडून दूर निघून जात. लक्ष्मीबाईंनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सारे सांगितले आहे. १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात पतीविषयीचे प्रेम आहे, पण त्याच्या दोषांवर पांघरूण नाही. स्वतःच्या हट्टावरही नाही. म्हणूनच त्या ग्रंथावर विश्वास ठेवावासा वाटतो.

टिळकांच्या मनाला धर्मविचाराची ओढ लागलेली होतीच. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांना बायबल दिले. ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाचा ठाव घेतला. दोन वर्षे अंतःकरणात उलघाल चालू राहिली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

धर्माच्या पावलाला सोबत नव्हती

त्या वेळी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. वय सव्वीस, पदरी लहानगा दत्तू. पतीच्या आयुष्यातील एवढा मोठा निर्णय त्यांना कळला तो आप्तांकडून. आज त्या काळाची कल्पना करणे कठीण आहे. ज्या घरात परजातीच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्या घरची ही लेक. पती जिवंत आहे, म्हणून वैधव्य नाही. तो परधर्मात गेला आहे, म्हणून सौभाग्याचा संसारही नाही. सणावारी कोणत्या पंक्तीला बसावे, हळदीकुंकवाला कोण बोलावील, याचे उत्तर नाही. दुःखाने त्या खंगून गेल्या. पुढे पंढरपुरी बहिणीच्या आश्रयाने त्यांनी काळ कंठला.

टिळकांच्या सद्हेतूविषयी आम्हांला शंका नाही. सत्य म्हणून जे पटले त्यासाठी त्यांनी जात, नातेवाईक, मानमरातब यांवर पाणी सोडले. तरीही येथे एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. आपल्या विवाहविधीत कन्यादानाच्या वेळी वर वचन देतो की, धर्म, अर्थ आणि काम यांत मी हिला सोडून पाऊल टाकणार नाही. त्या वचनात पहिला शब्द धर्म हाच आहे. टिळकांचे धर्मातील सर्वांत मोठे पाऊल पत्नीला सोडून पडले. त्या पावलाची किंमत त्यांनी मोजली हे खरे. पण त्यांच्याहून अधिक मोजली ती तिने, आणि तिला कोणी विचारलेही नव्हते.

या ठिकाणी टिळकांचे परमप्रिय तुकोबा आठवल्यावाचून राहत नाहीत. आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकारामाच्या सेतूवरून, असे टिळक मानीत. तुकोबा विठ्ठलचिंतनात भंडाऱ्याच्या डोंगरावर बसत आणि जिजाई भाकरी घेऊन त्यांना शोधीत तो डोंगर चढे, अशी कथा आपण कीर्तनांतून ऐकत आलो आहोत. कीर्तनकार जिजाईला कजाग म्हणतात आणि श्रोते हसतात. आमच्या मते ती भाकरीही भक्तीच होती. ज्या पुरुषाच्या मनाला ईश्वराचा ध्यास लागतो, त्याच्या घरची चूल कोणीतरी पेटती ठेवीत असते. आणि त्या चुलीपाशी बसलेल्या स्त्रीचे म्हणणे ऐकून घेणे हाही धर्मच होय.

ख्रिस्ती शास्त्राचा उपदेश

टिळकांनी ज्या धर्माचा स्वीकार केला, तो अशा प्रसंगी पतीला काय करावयास सांगतो? गंमत अशी की, नव्या करारात नेमका हाच प्रसंग आला आहे. ख्रिस्ती धर्माच्या प्रारंभकाळात करिंथ नगरात अनेक घरांची अशीच स्थिती झाली होती. पती ख्रिस्ती झाला, पत्नी पूर्वधर्मातच राहिली. कोठे पत्नी आली आणि पती राहिला. त्यांना उद्देशून पौलाने आपल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात जे लिहिले त्याचा आशय असा: श्रद्धा न ठेवणारी पत्नी नांदावयास राजी असेल, तर पतीने तिला टाकू नये, पत्नीनेही पतीला टाकू नये. दुसरा स्वतःहून गेलाच, तर त्याच्यामागे बळजबरी करू नये, कारण ईश्वराचे बोलावणे शांतीसाठी आहे. आपल्या सहवासाने जोडीदाराचे मन पालटेल किंवा नाही, हे आधी कोणाला ठाऊक असते, असेही तो विचारतो. म्हणजे सहवास हा मन वळविण्याचा डाव म्हणून चालू ठेवावयाचा नाही. विवाह झाला आहे म्हणून चालू ठेवावयाचा.

याच पौलाच्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पत्नीने पतीच्या अधीन असावे असा उपदेश आहे. पुरुषांना तो चटकन आठवतो. परंतु त्याच्या अगोदरचे वचन सर्वांनीच एकमेकांच्या अधीन असावे असे सांगते, आणि त्यानंतर पतीचे कर्तव्य सांगताना पौल पत्नीच्या कर्तव्याच्या दुपटीहून अधिक वचने खर्ची घालतो. ख्रिस्ताने आपल्या मंडळीवर प्रेम केले ते तिच्यासाठी स्वतःला अर्पून. पतीनेही पत्नीवर तसेच प्रेम करावे, अशी ती अपेक्षा आहे.

तिसरे वचन पेत्राच्या पहिल्या पत्रातील आहे. पेत्र हा संसारी शिष्य. त्याच्या सासूचा ताप ख्रिस्ताने उतरविल्याची कथा शुभवर्तमानात आहे. तो पतींना सांगतो की, पत्नीशी समजुतीने राहा, तिला मान द्या. स्त्रीला नाजूक पात्र म्हणण्याची त्या काळची रीत त्याच्याही लेखणीत उतरली आहे. पण पुढे तो जे कारण देतो ते कोणत्याही भाविकाने मनात कोरून ठेवावे असे आहे. तुमच्या प्रार्थनांत अडथळा येऊ नये म्हणून असे वागा, असे तो म्हणतो. म्हणजे पत्नीचे मन दुखवून देवापुढे बसलेल्या माणसाची प्रार्थना वाटेतच अडते. मनुस्मृतीतही, जेथे स्त्रियांचा मान राखला जात नाही तेथील सर्व क्रिया निष्फळ होतात, असे म्हटले आहे. दोन भिन्न देशांतील, दोन भिन्न परंपरांतील ही वाणी. पण दोघींनी बोट ठेवले ते एकाच ठिकाणी.

निराळी चूल, पण घर एक

हा उपदेश ग्रंथात वाचणे निराळे आणि आचरणात आणणे निराळे. त्या काळच्या कायद्याने टिळकांना सोपी वाट मोकळी ठेवली होती. १८६६ च्या एका अधिनियमानुसार ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जोडीदार धर्मांतरामुळे सहा महिने त्याच्यासह राहण्यास नकार देत राहिला, तर न्यायालयाकडे जाऊन विवाह मोडून घेता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मिशनच्या कामात राहिले आणि पत्नीला पत्रे लिहीत राहिले. इकडे लक्ष्मीबाईंच्या शोकालाही शब्द फुटू लागले. त्यांच्या पहिल्या कविता या वियोगातल्या आहेत. ज्याने अक्षरे शिकविली त्याच्या विरहाने त्या अक्षरांची कविता झाली.

काही वर्षे अशी लोटली आणि समाजाचे बोल सोसून लक्ष्मीबाई पतीजवळ राहावयास गेल्या. गेल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. आपल्या पतीबरोबर नांदण्यासाठी. त्यांचे सोवळे त्यांच्याबरोबर गेले. निराळी चूल, निराळे पाणी, निराळे शिवणे-टिपणे सारे त्यांनी चालू ठेवले. आपल्या घरात, आपल्याच पत्नीने आपल्या हातचे पाणी घेऊ नये, हे टिळकांसारख्या तापट पुरुषाला किती बोचले असेल! पण त्यांनी ते सोवळे मोडण्याची सक्ती केली नाही. ज्यांना क्षुल्लक कारणावरून राग अनावर होई, त्यांनी येथे मात्र धीर धरला.

ती पतीला सोडून राहिली नाही आणि त्याने तिच्या श्रद्धेला हात लावला नाही. ख्रिस्ती शास्त्रातील ते करिंथचे वचन मराठी मातीत उतरले ते असे. आम्हांला वाटते, या दांपत्याचे खरे मोठेपण या अवघड दिवसांत आहे, जेव्हा दोघांची मते जुळली नव्हती आणि तरीही घर एक होते.

पुढे लक्ष्मीबाईंच्या मनात हळूहळू विचार सुरू झाला. ईश्वराने निर्माण केले ते स्त्री आणि पुरुष. मग ही उच्चनीचता कोणी निर्माण केली? हा प्रश्न त्यांना कोणी शिकविलेला नव्हता. तो त्यांच्या स्वतःच्या बुद्धीतून उगवला. एकदा उत्तर सापडल्यावर त्यांनी सोवळेओवळे आपल्या हातांनी दूर केले, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. आपल्या वाचकांना त्यांचा तो निर्णय पटो वा न पटो. तो त्यांचा स्वतःचा होता एवढे मान्य करावेच लागेल. पाच वर्षांपूर्वी जे पाऊल तिला न विचारता टाकले गेले होते, ते आता तिने स्वतः विचार करून टाकले. बळजबरीने ते आणवले असते, तर घरात एक ख्रिस्ती बाई वाढली असती. पत्नी मात्र कायमची दुरावली असती.

अपुरे काव्य पुरे झाले

यानंतर संसार सुखाचा झाला आणि कथा संपली, असे झाले नाही. टिळकांचा स्वभाव बदलला नाही. अनाथ मुलांना आणि पाहुण्यांना घराचे दार नेहमीच उघडे राहिले आणि त्यांच्या पोटापाण्याची चिंता लक्ष्मीबाईंनी वाहिली. बालकवी ठोंबरे याच घरात मायेने राहिले. १९१७ साली टिळकांनी मिशनच्या पगाराचा त्याग करून ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तेव्हा नियमित मिळकतीचा आधारही गेला. लक्ष्मीबाई चिडत, भांडत, फटकळपणे बोलत. पण पतीच्या अंतरीची तळमळ खरी आहे हे त्या जाणत होत्या. सामंजस्य म्हणजे भांडणाचा अभाव नव्हे, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना पानोपानी कळते. जेथे मोकळेपणाने भांडता येते, तेथेच मनातले सांगताही येते.

टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत निवर्तले. ख्रिस्तचरित्रावरील ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले होते. आरंभीचे काही अध्यायच लिहून झाले होते. ते पुढे नेण्याचे काम हाती घेतले ते लक्ष्मीबाईंनी. जिने शाळा पाहिली नव्हती, जिला पतीने हाताला धरून अक्षरे गिरवावयास लावली होती, तिने पतीच्या काव्याचे उरलेले बहुतेक सारे अध्याय रचले. १९३६ साली त्यांचे नाशिकला निधन झाले आणि १९३८ साली ते काव्य ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. एका ग्रंथात दोघांचे शब्द शेजारी शेजारी उभे राहिले. त्याहून सुंदर ओवाळणी आणखी कोणती असावी?

आपल्या देवघरासाठी

सप्तपदीतील सातवे पाऊल मैत्रीचे असते. पहिली सहा पावले अन्न, बळ, धन, सुख, संतती आणि ऋतू यांसाठी पडतात. त्यानंतर वधूला सखी म्हटले जाते. आमच्या पूर्वजांनी मैत्री शेवटी ठेवली ती तिची किंमत कमी म्हणून नव्हे. तेथवर पोहोचावयास वेळ लागतो म्हणून, असे आम्हांला वाटते. टिळक दांपत्याला तेथवर पोहोचण्यास वीस वर्षे लागली.

आपल्या घरांतून धर्मांतराएवढा मोठा प्रसंग क्वचितच येतो. पण तिच्या व्रताची थट्टा, त्याच्या गुरूची निंदा, न सांगता दिलेली मोठी देणगी, न विचारता स्वीकारलेली दीक्षा, हे प्रसंग नित्याचे आहेत. त्या वेळी एवढे ध्यानात ठेवावे की, धर्माचे पाऊल टाकण्यापूर्वी ते जोडीदाराला सांगावे. त्याला किंवा तिला ते पटले नाही, तर बळजबरी करू नये. आणि पटले नाही म्हणून हात सोडू नये. श्रद्धा उसनी देता येत नाही आणि हिसकावूनही घेता येत नाही. शेजारी बसून वाट मात्र पाहता येते.

आज ओवाळणी घालताना तबकात रुपये, दागिना, वस्त्र जे काही पडेल ते पडो. त्याबरोबर पुरुषांनी एक प्रश्नही मनोभावे विचारावा, "माझ्या देवभक्तीत तुझ्या वाट्याला काही दुःख आले आहे का?" उत्तर येईपर्यंत पाटावरून उठू नये. निरांजनाची ज्योत तेवढा वेळ खचित तेवत राहील.